क्विल्ट पाहताना पाठ दाखवायला सांगा

अमेरिकेतल्या क्विल्टच्या, म्हणजे तिकडच्या गोधड्यांच्या, प्रदर्शनांत बरेचदा पांढरे हातमोजे घातलेले स्वयंसेवक हिंडताना दिसतात. त्यांना रखवालदार समजून लोक लांबूनच पुढे जातात. खरं तर क्विल्टचा कोपरा उचलून मागची बाजू दाखवणं हेच त्यांचं काम असतं. तेव्हा बेधडक विचारा. समोर चित्र असतं, पण ते कसं शिवलं गेलं हे पाठीवर कळतं.

आर्ट क्विल्ट म्हणजे पांघरायची नव्हे, भिंतीवर लावायची गोधडी. बांधणी तीच: वरचं कापड, मध्ये बॅटिंग (म्हणजे कापसासारखा भराव), खाली अस्तर आणि तिन्ही थरांना एकत्र धरणारे टाके. १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमने जुन्या पांघरायच्या क्विल्ट चित्रांसारख्या भिंतीवर लावल्या, तेव्हा अनेकांची नजर बदलली. ओहायो राज्यातल्या अथेन्स गावी १९७९ मध्ये ‘क्विल्ट नॅशनल’ सुरू झालं, तेही गायींच्या एका जुन्या गोठ्यात. गोठा पाडायला निघाले होते, तो स्थानिक कलाकारांनी वाचवला. हे प्रदर्शन आजही दर दोन वर्षांनी भरतं.

आधी दहा-बारा फुटांवर उभं राहा आणि डोळे किलकिले करा. रंग पुसट होतात, फक्त गडद-फिकं उरतं. चित्र तेवढ्यावर उभं राहत असेल तर मांडणी पक्की आहे. मग हातभर अंतरावर या, हात पाठीमागे बांधून. ही सूचना अगदी शब्दशः घ्या, कारण कापड दिसलं की बोटं आपोआप पुढे जातात. हाताचा घाम आणि तेलकटपणा धाग्यात मुरतो, त्याचा डाग काही वर्षांनी पिवळा होऊन वर येतो. संग्रहालयात उजेड मंद का, अशी तक्रारही असते. कापडाचा रंग प्रकाशाने उडतो आणि उडालेला परत येत नाही, म्हणून तिथे साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपास उजेड ठेवतात. दोन मिनिटं थांबा, डोळे सरावतात.

जवळून पाहायचं ते टाक्यांच्या रेघेकडे. बऱ्याच आर्ट क्विल्टवर ‘फ्री मोशन’ काम असतं. शिवणयंत्राचे कापड पुढे सरकवणारे दाते खाली करतात, त्यामुळे कापड यंत्र ओढत नाही, हात फिरवतो. टाक्याची लांबी मग हाताचा वेग आणि पॅडलवरचा पाय यांच्या जुळणीवर ठरते. हात घाई करतो तिथे टाका लांब पडतो, रेंगाळतो तिथे टाके ठिपक्यांसारखे एकमेकांना चिकटतात. खरी परीक्षा वळणावर. हात वळणावर जोरात फिरला किंवा वरच्या दोऱ्याचा ताण सैल असला, तर मागे बॉबिनचा दोरा सरळ पडतो आणि वरच्या दोऱ्याचे फास त्याच्या एका बाजूला पसरतात, पापणीच्या केसांसारखे. क्विल्ट शिवणारे त्यांना पापण्याच म्हणतात. पुढून यातलं काहीही दिसत नाही. पाठीला भरगच्च फुलाफुलांचं कापड असेल तर थोडं हसू येतं, कारण त्यात असल्या पापण्या छान लपतात. गडद दोऱ्याने शिवलेलं साधं पांढरं अस्तर लावायला मात्र धाडस लागतं.

कडेकडे लोक सहसा पाहत नाहीत, पण तीच जास्त बोलते. दाट टाके कापड आत ओढतात. मध्यभागी दाट आणि कडेला विरळ काम असेल, तर कडेला कापड उरतं आणि तिथे लाटा येतात. उलट केलं तर मध्यभागाला पोट सुटतं. यावर उपाय म्हणजे क्विल्ट ओली करून, फळीवर काटकोनात ताणून, टाचण्या लावून वाळवायची. पण इथेच दुसरी फसगत होते. हाताने रंगवलेल्या सुती कापडावर सहसा ‘प्रोसिऑन’ नावाचे रंग असतात. सोडा ॲशमुळे (हा धुण्याच्या सोड्याचाच प्रकार) रंग धाग्याशी पक्का जोडला जातो. न जोडला गेलेला रंग मात्र गरम पाण्यात खळखळून काढून टाकावा लागतो. ते अर्धवट केलं असेल, तर ओली करताच लाल रंग शेजारच्या पांढऱ्यात उतरतो आणि काही महिन्यांचं काम एका दुपारी वाया जातं.

तुकडे जोडून केलेल्या कामात चूक साठत जाते. शिवणीसाठी पाव इंच माया सोडतात. प्रत्येक शिवणीत एक सोळांश इंच जादा गेला, तर सोळा शिवणींनंतर तुकडा इंचभर आखूड होतो आणि कोपरे जुळत नाहीत. म्हणून अनेक जण तुकडे न जोडता मागे चिकट जाळी लावून इस्त्रीने चिकटवतात. त्यात कोपरे जुळवायचा प्रश्न नाही, मात्र उघड्या कडांची सुतं सुटतात आणि गोंदाने सुई चिकट होऊन टाके गाळते.

शेजारच्या पट्टीवर साहित्य लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय मत बनवू नका. अमेरिकन कलाकार फेथ रिंगगोल्ड यांच्या १९८८च्या ‘टार बीच’ या क्विल्टमध्ये मधलं चित्र कॅनव्हासवर ॲक्रिलिकने रंगवलंय, भोवती कापडाच्या तुकड्यांची चौकट आहे आणि गोष्ट चक्क लिहिलेली आहे. सगळं टाक्यांतच असायला हवं असा नियम कुणीच केलेला नाही.

कलाकार शेजारी उभे असतील तर “किती दिवस लागले?” हा प्रश्न टाळा. दिवसभरात तो त्यांनी पन्नासदा ऐकलेला असतो आणि उत्तरातून काही कळतही नाही. त्याऐवजी विचारा: टाक्यांची रेघ आधी ठरली की चित्र? दोरा ४० नंबरचा का, ५०चा का नाही? (नंबर वाढला की दोरा बारीक होतो, आणि बारीक दोरा कापडात बुडतो.) शेवटी काय उसवलं? या तिसऱ्या प्रश्नावर माणसं खुलतात. उत्तराबरोबर बरेचदा पिशवीतून एखादा वीतभर नमुन्याचा तुकडा निघतो, आणि त्याला हात लावायला कुणी अडवत नाही. आपल्या गोधडीबद्दल सांगायचं तर ‘आमच्याकडेही असतं’ एवढ्यावर थांबू नका. वेगळं बॅटिंग न घालता जुन्या लुगड्यांचेच थर आणि कडेपासून आत येत जाणारा धावदोरा, एवढं सांगितलं तरी लगेच वही निघते.

फोटो काढण्याआधी विचारा, फ्लॅश बंद ठेवा, आणि कुठे टाकणार असाल तर कलाकाराचं नाव सोबत द्या. रचनेचा हक्क त्यांचा असतो, क्विल्ट विकली गेली तरी.

विकत घेणार असाल तर पाठीच्या वरच्या कडेला शिवलेली चार इंची कापडी नळी तपासा. दांडी तिच्यातून जाते. नळीला थोडा झोळ हवा. ती सपाट शिवली असेल, तर दांडीचा गोल पुढच्या बाजूला उमटतो आणि वरची कड फुगलेली दिसते. घरी नेताना घडी घालू नका. घडीवर बॅटिंग मोडतं आणि ती रेघ जात नाही. नळकांड्यावर गुंडाळा, चित्राची बाजू बाहेर ठेवून, म्हणजे चुण्या पडल्याच तर अस्तरावर पडतील.