गच्चीवरून सोलापूर

मोबाईलचा पॅनोरमा मला कधी पटलाच नाही. फोन हळूहळू फिरवायचा, बाण रेषेवर ठेवायचा, श्वास रोखायचा आणि मग झूम करून बघितलं की सिद्धेश्वराचं देऊळ म्हणजे तळ्यातला एक पुसट ठिपका. म्हणून शहराचे तुकड्यातुकड्यानं फोटो काढून ते जोडून एकच मोठा फोटो करायचं ठरवलं आणि कॅमेरा, ट्रायपॉड आणि लांबचं जवळ आणणारी २०० एमएमची लेन्स घेऊन सात रस्त्याजवळच्या मित्राच्या बिल्डिंगची गच्ची गाठली. तो म्हणाला, "कशाला बे एवढा खटाटोप?"

पहिला प्रयत्न मे महिन्यात दुपारी चारला. (अक्कल!) पत्र्यांवरून, स्लॅबवरून गरम हवा वर येत असते, नुसत्या डोळ्याला ते कळत नाही पण अशा लेन्समधून सगळं उकळतंय असं दिसतं. भुईकोटाचा बुरूज चक्क डुलत होता.

मग जूनमध्ये, रात्री पाऊस पडून गेल्यावर सकाळी सातला परत गेलो. एक्स्पोजर (उजेड), फोकस, व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) सगळं मॅन्युअल, म्हणजे प्रत्येक फोटोत सारखंच, नाहीतर जोडल्यावर आभाळाला ठिगळं दिसतात. तीन ओळी, ओळीत चौदा फोटो, म्हणजे ४२. प्रत्येक फोटोत शेजारच्याचा तिसरा हिस्सा यायलाच हवा, त्यातलीच एखादी खिडकी, एखादा खांब दोन्हीकडं सापडला की सॉफ्टवेअर टाके घालतं. २४ मेगापिक्सेलचे ४२ म्हणजे हजाराच्या वर, पण या जोडकामात जवळपास निम्मे जातात, हातात पाचशेच्या आसपास उरतात. तेही रग्गड झाले, लॅपटॉप रात्रभर धापा टाकत होता. त्यात आपल्या गावात पाणी रोज येत नाही त्यामुळं गच्चीगच्चीवर काळ्या टाक्या, सगळ्या एकसारख्या, सॉफ्टवेअरनं पूर्व भागातली एक टाकी भलत्याच घराला नेऊन जोडली. ते हातानं निस्तरावं लागलं.

२०२२ मध्ये इथूनच काढलेला एक साधा फोटो शेजारी लावून बघितला. होटगी रोडकडं त्यात साखर कारखान्याची चिमणी आहे, जवळपास ९० मीटर उंच. विमानतळाच्या आड येते म्हणून जून २०२३ मध्ये ती स्फोटकांनी पाडली. आता तिथं नुसतं आभाळ. इतकी वर्षं त्या चिमणीकडं कधी धड बघितलं नव्हतं, आता मात्र नजर सारखी तिथंच जाते.

आणि मग सापडली मित्राची काकू. समोरच्या गच्चीवर लाल पट्ट्यांची चादर दोरीवर टाकताना, पदर खोचलेला, तोंडात चिमटा. त्याच गच्चीच्या दुसऱ्या टोकाला रिकामी बादली घेऊन जिन्याकडं चाललेली, तीही काकूच! पहिल्या फोटोपासून शेवटच्या फोटोपर्यंत अकरा मिनिटं लागली होती, तेवढ्यात तिचे कपडे वाळत घालून झाले होते.

काकूला दाखवलं तर तिनं चष्मा लावून दोघींना नीट निरखलं आणि म्हणाली, "ती बादलीवाली राहू दे रे. चिमटेवालीला काढून टाक, केसबी विंचरले नव्हते."