अजून पाच दिवस राहिले म्हणून थँक्यू

कॅम्पवरून येऊन चार दिवस झाले, बॅग अजून तशीच पडलीय, बसलेला आवाज अजून सुटलेला नाहीये, आणि डोक्यात सारख्या त्या चिठ्ठ्या फिरतायत म्हणून म्हटलं एकदाचं लिहून टाकावं.

यंदा मुलांच्या समर कॅम्पची थीम होती उपकारस्तुती, म्हणजे देवाचे आभार मानणं. सोमवार ते शनिवार, आठ ते बारा वर्षांची मुलं, आणि माझ्याकडे नऊ मुलींचा ग्रुप. पाठांतराचं बायबलचं वचन पहिल्याच दिवशी दिलं, 1 थेस्सलनी 5:18, "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा". सोपं, छोटं, पाठ व्हायला दोन मिनिटं. आणि मग एका मुलीने हात वर केला, "ताई, उपकार कुणी केले की ते फेडायचे असतात ना? मग देवाचे कसे फेडायचे?"

मी इतकी वर्षं हा शब्द गाण्यात म्हणतेय, प्रार्थनेत म्हणतेय, पण तो असा उलटा करून कधी पाहिलाच नव्हता. खरंय की, आपल्याकडे उपकार म्हटलं की पाठोपाठ ओझं येतंच, "उपकार नकोत कुणाचे" असंच बोलतो आपण. मी काहीतरी उत्तर दिलं, फेडता येत नाहीत म्हणून तर स्तुती करायची वगैरे, पण ते माझं मलाच पटलं नाही. रात्री स्तोत्र 103 काढून बसले, तिथे "त्याचे सर्व उपकार विसरू नकोस" एवढंच आहे. फेड असं कुठे नाहीच, विसरू नको म्हणतो. दुसऱ्या दिवशी तिला दाखवलं तर ती म्हणाली, "अच्छा, मग जमेल". असो.

तर आभारपेटी. बुटांच्या खोक्याला रंगीत कागद लावला, वर फट पाडली, हॉलच्या दाराशी ठेवलं. दिवसभरात कधीही चिठ्ठी टाकायची, नाव लिहायची सक्ती नाही, आणि रात्री कॅम्पफायरला त्यातल्या काही वाचायच्या. वाचायचं काम माझ्याकडे. कल्पना माझीच होती त्यामुळे कुणाला दोष देता येत नाही.

पहिल्या रात्री पेटी उघडली तर सगळ्या चिठ्ठ्या एकसारख्या. आईबाबांसाठी आभार, अन्नासाठी आभार, चांगल्या आरोग्यासाठी आभार. म्हणजे संडे स्कूलमध्ये जे उत्तर दिलं की टीचर खूश होते ते उत्तर. मुलं हुशार असतात हो, मोठ्यांना काय ऐकायचंय ते त्यांना बरोबर कळतं. आणि त्या गठ्ठ्यात एक चिठ्ठी, पेन्सिलीने, अक्षर थोडं डावीकडे कललेलं: "आता फक्त पाच दिवस राहिले म्हणून थँक्यू देवा".

मला आधी हसू आलं आणि मग खरं सांगायचं तर थोडा राग आला. आम्ही तीन महिने तयारी केलेली, सुट्ट्या टाकून आलोय, आणि हे काय. ती चिठ्ठी मी वाचली नाही, खिशात घातली. मंगळवारी परत, तेच अक्षर, "चार दिवस राहिले म्हणून थँक्यू". बुधवारी "तीन".

अक्षर कुणाचं ते मंगळवारीच कळलं होतं, माझ्याच ग्रुपमधली सगळ्यात लहान, खालच्या बेडवरची. दिवसा खेळायची, गाण्यांना हातवारे सगळ्यात जोरात करायची, कुणाला शंकाही येणार नाही. पण दुपारची विश्रांतीची वेळ आणि रात्री दिवे घालवल्यानंतरचा अर्धा तास, या दोन वेळा वाईट. कॅम्पला जाणाऱ्या कुणालाही विचारा, घरची आठवण खेळताना येत नाही, हात रिकामे झाले की येते. त्यात घरून निघताना तिला सांगितलं होतं की नाही आवडलं तर लगेच घ्यायला येऊ. पालक हे प्रेमाने बोलतात, पण त्यामुळे होतं काय की मूल रमायचा प्रयत्नच सोडून देतं आणि घ्यायला कधी येतायत याची वाट बघत बसतं. (पालक वाचत असाल तर प्लीज हे वाक्य बोलू नका. "तुला जमेल" म्हणा. बास.)

मंगळवारच्या लीडर्स मीटिंगमध्ये मी ती चिठ्ठी आमच्या कॅम्पच्या अंकलना दाखवली, म्हटलं हिला कसं समजवायचं. आमच्यातल्या एकाचं म्हणणं, मुलांना सांगू या की किती मुलांना असा कॅम्प मिळत नाही, तुम्ही किती लकी आहात. हे मला पहिल्यापासून खटकतं. लूक 18 मध्ये एकजण मंदिरात उभा राहून अगदी याच सुरात आभार मानतो ना, देवा, मी इतर लोकांसारखा नाही म्हणून तुझे आभार. परूशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारा. त्याच्या प्रार्थनेची सुरुवातच आभाराने आहे आणि येशू म्हणतो की नीतिमान ठरून घरी गेला तो दुसरा, जकातदार, ज्याने आभार मानलेच नव्हते, नुसती दया मागितली होती. दुसऱ्याकडे नाही म्हणून मला आनंद, ही कसली उपकारस्तुती. मी हे जरा जास्तच जोरात बोलले बहुतेक, कारण मीटिंग लवकर संपली.

अंकल जाता जाता एवढंच म्हणाले, "अगं, ती देवाशी बोलतेय ना? मग आपण मध्ये कशाला पडायचं".

बुधवारचा विषय योना, बायबलमधला संदेष्टा. आता योनाची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, देवापासून पळाला, जहाज, वादळ, मोठ्या माशाने गिळलं. पण दुसऱ्या अध्यायात योनाची माशाच्या पोटातली प्रार्थना आहे ती मुलांना आम्ही पहिल्यांदाच नीट वाचून दाखवली, आणि त्या प्रार्थनेत तो आभार मानतो. अजून बाहेर पडलेला नाहीये! माशाने त्याला कोरड्या जमिनीवर ओकलं ते या प्रार्थनेच्या नंतर, शेवटच्या ओळीत. अंधार, पाणी, डोक्याला शेवाळ गुंडाळलेलं हे सगळं तो आधी सांगतो, म्हणजे चांगली लांबलचक तक्रार करतो, आणि मग आभार. तीन दिवस आणि तीन रात्री.

"त्याला कसं कळलं तीन दिवस झाले ते? आत तर अंधार असणार," हा प्रश्न कुणाचा असेल सांगा. आमच्या खालच्या बेडवालीचा. मी म्हटलं माहीत नाही बाई. ती म्हणाली, "मोजत असेल".

त्या रात्री मी स्तोत्र 90 उघडलं, मोशेची प्रार्थना, आम्हाला आमचे दिवस गणायला शिकव असं त्यात आहे. मोशेला अर्थातच आयुष्य किती छोटं आहे ते म्हणायचंय, कॅम्प संपायला किती दिवस राहिलेत ते नाही, हे मलाही कळतं. पण मी तिची तिसरी चिठ्ठी हातात घेऊन ते वाचत होते आणि मला पहिल्यांदा वाटलं की पेटीतली सगळ्यात खरी चिठ्ठी हीच आहे. बाकीच्यांनी आभार कशाचे मानायचे ते आमच्याकडून ऐकून लिहिलं. हिने जे नकोसं वाटतंय ते लपवलं नाही आणि तरी थँक्यू म्हणायचं सोडलं नाही. वचनात "सर्व स्थितीत" आहे, सर्व स्थितीबद्दल नाही. त्या प्रत्ययात किती फरक आहे हे मी सोमवारपासून मुलांना शिकवत होते आणि मलाच कळलेलं नव्हतं.

गुरुवारची "दोन दिवस राहिले" मी कॅम्पफायरला वाचली. नाव नाही घेतलं. सगळी मुलं हसली, मग एक मोठा मुलगा म्हणाला मी पण मोजतोय, मग आणखी एक, आणि पाच मिनिटं मुलं घरची आठवण येते म्हणून मोकळेपणाने बोलत होती, दोघीतिघी रडल्या, आणि नंतर गाणं जे काय रंगलं! पेटीतल्या चिठ्ठ्यापण त्या रात्रीनंतर बदलल्या. "रिले रेस रद्द झाली म्हणून थँक्यू, मी नेहमी शेवटचा येतो". "माझं दुसऱ्या ग्रुपच्या मुलाशी भांडण झालं ते ताईला कळलं नाही म्हणून आभार". (आता कळलं.) "प्रार्थना करताना डोळे उघडे ठेवले तरी देव रागावला नाही". ही शेवटची मी जपून ठेवलीय.

शुक्रवारी दहा कुष्ठरोगी, लूक 17. हा पाठ मी घेणार होते. दहाजण लांबून ओरडतात, आमच्यावर दया कर, येशू त्यांना म्हणतो जाऊन याजकांना, म्हणजे पुरोहितांना, दाखवा, आणि जाता जाता ते शुद्ध होतात. एकजण परत येतो, तोही शोमरोनी, म्हणजे यहुदी ज्यांना परके मानायचे त्यांच्यातला, आणि येशू विचारतो ते नऊजण कुठे आहेत. मी शिकवायला घेतलं की बघा, आपण त्या नऊसारखं नाही व्हायचं, आणि मागून एक मुलगा: "पण येशूनेच सांगितलं ना याजकाकडे जा? ते नऊजण सांगितलेलं ऐकत होते. परत आला त्याने ऐकलं नाही".

वर्गात शांतता. बाकीच्या ग्रुपचे लीडर माझ्याकडे बघतायत. आणि मुलाचं काही चूक नाही, बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या नियमात तसंच आहे, याजकाने तपासून शुद्ध म्हटल्याशिवाय कुष्ठरोग्यांना वस्तीत, घरात परत जाताच येत नव्हतं. कित्येक दिवसांनी घरी जायला मिळणार, मुलंबाळं दिसणार, कोण थांबेल? मला एकदम वाटलं ते नऊजण पण दिवस मोजतच असतील.

मी म्हटलं, तू बरोबर बोलतोयस. दहाही जणांचा विश्वास होता, कारण निघाले तेव्हा अंगावर रोग तसाच होता, बरं वाटायच्या आधीच चालायला लागले, हे काही छोटं नाही. फक्त एकजण वाटेत स्वतःच्या हाताकडे बघतो आणि याजकाकडे नंतर जाईन म्हणून आधी मागे फिरतो. येशू त्या नऊजणांचा रोग परत नाही आणत, शुद्ध झाले ते झालेच. तो फक्त विचारतो, कुठे आहेत. मुलगा म्हणाला, "म्हणजे त्याला त्यांची आठवण आली". मी यापेक्षा चांगलं काही सांगू शकले नसते म्हणून पाठ तिथेच संपवला, वेळ दहा मिनिटं उरली होती, गाणी घेतली.

दुपारी 1868 सालची गोष्ट सांगितली, जोसाया स्पायर्स नावाच्या माणसाने वेल्समधल्या लॅन्डिडनोच्या समुद्रकिनाऱ्यावर वाळूत "देव प्रीती आहे" अशी अक्षरं काढली आणि तिथल्या मुलांना शंखशिंपले, शेवाळ घेऊन ती सजवायला लावली. मुलांसाठीच्या अशा कामाची एक मोठी सुरुवात तिथे झाली. आमच्याकडे समुद्र नव्हता, अंगणातली माती होती, पानं आणि खडे होते. संध्याकाळपर्यंत अर्धी अक्षरं पायाखाली गेली. कुणाला फारसं वाईट वाटलं नाही.

आता एक गोष्ट राहिली, ती सांगायची की नाही ठरत नव्हतं. बुधवारी रात्री मी राउंडला गेले तेव्हा आमच्या खोलीत टॉर्च चालू होता. दिवे घालवल्यावर टॉर्च लावायचा नाही हा नियम. वरच्या बेडवरची, बारा वर्षांची, जरा उद्धट वाटणारी, आधीच दोनदा तिला बोलावं लागलं होतं. मी काही न विचारता टॉर्च काढून घेतला, म्हटलं उद्या मिळेल. तिने काही सांगितलं नाही, नुसती बघत राहिली, मग खाली बघितलं. मला ते उर्मटपणाचं वाटलं. गुरुवारी संध्याकाळी टॉर्च परत दिला, वर एक लेक्चरपण दिलं, आज्ञाधारकपणावर.

शनिवारी दुपारी मुलांच्या बस गेल्या. आम्ही हॉल झाडत होतो, सतरंज्या गुंडाळत होतो, आणि पेटी दाराशी तशीच होती. शनिवारी कॅम्पफायर नसतो, चिठ्ठ्या कुणी टाकेल असं वाटलंच नव्हतं, म्हणून खोकं मोडायच्या आधी सहज हलवलं तर आत काहीतरी वाजलं. एकच चिठ्ठी. डावीकडे कललेलं अक्षर.

"शून्य. थँक्यू. वरच्या बेडवरची ताई रोज रात्री टॉर्च घेऊन माझ्याबरोबर बाथरूमला आली म्हणून पण थँक्यू. एका रात्री टॉर्च नव्हता तरी आली."

मी झाडू तिथेच ठेवला. फॉर्मच्या फाइलमधून त्या मोठीच्या आईचा नंबर काढला आणि संध्याकाळी फोन लावला. आई म्हणाल्या, अहो ती आल्यापासून झोपलीय, जेवायलासुद्धा उठली नाही, काही काम होतं का? मी म्हटलं हो, काम तिच्याशीच आहे, उद्या परत करते.