जुनी १.८ टर्बो, नोंद चौथी: नळ्या आणि नळ्यांची टोकं

मागच्या नोंदीत गाडी जिथे सोडली होती तिथेच ती महिनाभर उभी होती. खळ्यातली पत्र्याची शेड, बॉनेट उघडं, खाली आंब्याच्या पेटीची फळी आणि फळीवर गुलाबी डाग. आधीचं न वाचलेल्यांसाठी एवढंच: २००५ ची स्कोडा ऑक्टाव्हिया, १.८ लिटर पेट्रोल, २० व्हॉल्व्ह, टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबणारं चक्र), १५० हॉर्सपॉवर. मी तिसरा मालक. गाव भाट्ये, रत्नागिरीच्या खाडीपलीकडचं. समुद्र इतका जवळ की सकाळी काचेवरचा खारट थर बोटाने पुसता येतो.

जानेवारीत रेडिएटरची वरची नळी बदलली आणि ‘काम संपलं’ असं मी इथे छातीठोकपणे लिहिलं होतं. ते शब्द मागे घेतो. दहाव्या दिवशी फायरवॉलजवळची (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळची) हीटरची नळी पाझरायला लागली. ती बदलली तर टर्बोच्या बाजूने करपलेल्या पाकासारखा गोडसर वास यायला लागला. कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, वास एकदा ओळखीचा झाला की झोपेतही ओळखता येतो. जुन्या धोतराला एका जागी ठिगळ लावावं आणि त्याने शेजारी फाटावं, तसा प्रकार.

थोडं डोकं लावल्यावर कारण कळलं. कूलंटच्या टाकीचं झाकण आत दाब धरून ठेवतं, आणि तो दाब असणं गरजेचं असतं. हवेपेक्षा एक बार (साधारण हवेच्याच दाबाइतका) जास्त दाब असेल तर साधं पाणीही १०० ऐवजी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. माझ्या गाडीत वरची नळी बहुतेक वर्ष-दोन वर्षं हळूहळू गळत असावी. म्हणजे बाकीच्या नळ्यांवर पूर्ण दाब कधी आलाच नव्हता. मी भोक बुजवलं, दाब पुन्हा पुरा झाला, आणि आजवर आरामात बसलेल्या नळ्या एकेक करून उठल्या.

म्हणून या वेळी ठरवलं, आधी सगळी परीक्षा आणि मग खरेदी.

परीक्षेसाठी घरगुती टेस्टर केला. टाकीचं जुनं झाकण घेतलं, मधोमध भोक पाडून ट्यूबलेस टायरचा वॉल्व्ह बसवला आणि झाकणाची स्वतःची दाब सोडायची जागा आतून एम-सीलने बुजवली. इंजिन पूर्ण थंड असताना सायकलच्या, दाबाचं घड्याळ असलेल्या पंपाने १५ पीएसआय भरायचं, म्हणजे साधारण एक बार. त्याच्या वर जायचं नाही, कारण दाब सोडणारी वाट आपणच बंद केलेली असते आणि रेडिएटर जुना असतो. चहा घेऊन आलो तोवर काटा ९ वर. अर्ध्या तासात सहा पीएसआय गेले आणि खाली एक थेंबही दिसेना. तेव्हा जमिनीवर रांगत, टॉर्च तोंडात धरून, एकेका सांध्याला कोरडा कागद टेकवत गेलो. तीन ठिकाणी कागद गुलाबी झाला.

याच वेळी शेजारचे काका आले. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, टर्बो वगैरे शब्दांवर फारसा विश्वास नसलेले. मी नळ्या मधोमध दाबून बघत होतो.

“मध्ये काय दाबतोस? टोकाला दाब. क्लिपच्या मागे, दोन बोटांवर.”

“मध्ये चांगल्या लागतात हो काका.”

“मध्ये चांगल्याच लागणार. माणूस काय पोटावरून म्हातारा कळतो?”

दाबून पाहिलं आणि गप्प बसलो. मधला भाग नव्यासारखा, पण टोकाजवळ बोटाखाली कुरकुर लागत होती. नंतर ती नळी ब्लेडने उभी चिरून पाहिली. बाहेरून एक ओरखडा नाही, आत मात्र टोकाकडे लांबीच्या दिशेने बारीक चिरा. नळी ज्यांवर चढते ती धातूची तोंडं, कूलंट आणि रबरातला कार्बन यांच्यात अगदी हलका विद्युतप्रवाह तयार होतो आणि रबर आतून पोखरत जातं. त्यामुळे नळी ‘दिसायला छान आहे’ याला काहीच अर्थ नसतो. कूलंट जितकं जुनं आणि पाणी जितकं खारं, तितका हा उद्योग जोरात. आधीच्या मालकाने कूलंट कमी झालं की विहिरीचं पाणी ओतलं असणार. टाकीच्या तळाचा तपकिरी गाळ आणि नळ्यांच्या तोंडावरची पांढरी पूड दुसरं काही सांगत नाहीत. खाडीकाठची विहीर म्हणजे क्लोराइड, आणि अॅल्युमिनियमला क्लोराइड म्हणजे वाळवी.

नळ्या दोन उलट तऱ्हांनी मेल्या होत्या, आणि मला या कामातली सर्वांत मजेशीर गोष्ट हीच वाटली. टर्बोजवळच्या छोट्या नळ्या खारीच्या बिस्किटासारख्या. वाकवल्या की कडकन तुटतात, कारण वीस वर्षं त्यांनी एक्झॉस्टची धग सोसलेली. आणि पुढच्या बाजूला, इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपांच्या) खाली, इंजिनचं तेल थंड करणाऱ्या ऑइल कूलरला जाणारी नळी मात्र जेलीसारखी मऊ, फुगलेली, हाताला काळं लागणारी. ती उष्णतेने गेलेली नाही, तेलाने गेली. या नळ्यांचं ईपीडीएम रबर उष्णता, कूलंट, ऊन सगळं सोसतं, फक्त इंजिन ऑइल त्याला अजिबात चालत नाही. आणि ऑइल फिल्टर नेमका तिथेच. फिल्टर काढताना तेल त्या नळीवर सांडतं, आपण खालची जमीन पुसतो, नळी तशीच ठेवतो. यात मीही आलो. गेल्या दोन ऑइल चेंजला मीच सांडलंय.

शनिवारी काढायला घेतलं. पहिली गोष्ट, खाली परात. जांभा पाणी पितो आणि आमची विहीर खळ्यापासून वीस फुटांवर. कूलंटमधलं ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी, कुत्र्या-मांजरांना फार थोडंसुद्धा पुरतं. जुनं सगळं कॅनमध्ये भरून झाकण घट्ट लावून ठेवलं.

चिकटलेली नळी स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायची नाही, हे मला माहीत आहे. तरी मी तेच केलं. हेडच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाच्या, गिअरबॉक्सकडच्या टोकाला प्लास्टिकचा फ्लँज (नळ्या जोडायचा तुकडा) असतो, टेम्परेचर सेन्सर त्याच्यातच बसतो. हीटरची नळी पिळली आणि फ्लँजचं नाक नळीसकट हातात आलं. वीस वर्षं उकळत्या पाण्यात राहिलेलं प्लास्टिक, ते काय धरणार. ब्लेडने नळी उभी चिरून सोलली असती तर पाच मिनिटांचं काम होतं, आता पार्सलची वाट पाहत आठवडा गेला. पुण्याहून नाना पेठेतून फ्लँज, त्याची ओ-रिंग आणि सेन्सरचं सील मागवलं. फ्लँज बदलताना ओ-रिंग नवीच घ्या, जुनी चपटी झालेली असते.

त्या आठवड्यात तोंडं साफ केली. अॅल्युमिनियमला बारीक खड्डे पडले होते. ४०० नंबरचा पॉलिश पेपर घेऊन तो गोल गोल फिरवायचा, लांबीच्या दिशेने कधीच नाही. लांबीने ओढलेला प्रत्येक ओरखडा म्हणजे कूलंटला बाहेर यायला पन्हळ. माझा आधीचा हीटरचा सांधा याच कारणाने गळत होता. नवी नळी, नवा क्लँप आणि खाली मीच ओढलेली पन्हळ.

नळ्या कुठल्या घ्यायच्या यावर बरंच डोकं खाल्लं. निळ्या चकचकीत सिलिकॉनच्या नळ्यांचा मोह मलाही झाला. पण सिलिकॉनही तेल-पेट्रोलला हळवं, त्यातून पाण्याची वाफ थोडी थोडी झिरपत राहते, आणि साध्या खाचांच्या क्लिपने ते कापलं जातं. आतून गुळगुळीत पट्टी असलेले क्लँप लागतात. माझ्या दीडशे घोड्यांना साधं रबर पुरे. मात्र वळण असलेल्या जागी साच्यातली नळीच घेतली. मीटरवर मिळणारी सरळ नळी वळवली की पोटात घडी पडते. ती फक्त एका सरळ तुकड्याला वापरली.

क्लिपांच्या बाबतीत मी जुन्या मताचा. मूळचे स्प्रिंग क्लँप गंजलेले नसतील तर तेच परत. रबर गरम झाल्यावर फुगतं, थंड झाल्यावर आकसतं, आणि स्प्रिंग त्याच्याबरोबर मागेपुढे होते. स्क्रूची क्लिप जिथे आवळली तिथेच राहते, म्हणून थंड गाडी सकाळी गळते आणि गरम झाल्यावर बंद होते. माझे अकरापैकी चार क्लँप खाऱ्या हवेने फुलले होते, तेवढे नवे आणले. क्लँप तोंडावरच्या उंचवट्याच्या लगेच मागे बसला पाहिजे, वर नाही.

ऑइल कूलरच्या नळीशी माझा हात पोचेना. शेवटी सातवीतल्या पुतण्याला बोलावलं. त्याच्या बारीक मनगटाने मॅनिफोल्डखालून क्लँप सरकवला आणि बदल्यात दोन वडापाव वसूल केले. नळ्या सरकवायला मिस्त्रींनी खोबरेल सुचवलं. तेलाने मेलेल्या नळीच्या जागी नवी बसवताना तेल लावायचं मनाला पटेना. आईने केसांसाठी भिजवलेल्या रिठ्याचं पाणी वाटीभर उचललं. फेस छान, नळ्या सरसर बसल्या. आईचं मत वेगळं आहे.

टर्बोच्या पाण्याच्या पाइपाचे बॅन्जो बोल्ट (आतून पाणी जाणारे पोकळ बोल्ट) काढले होते, तिथे तांब्याचे वॉशर नवे घातले. जुने उलटे करून लावायचा विचारही करू नका, टर्बोजवळ पुन्हा हात घालायला कोणालाच आवडत नाही.

मिस्त्री म्हणाले, “दादा, हीटरच्या दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून टाका, कोकणात हीटर कोण लावतो?” खरं आहे, लावत कोणीच नाही. पण घाटात गाडी तापली तर हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात केला की तो छोटा रेडिएटरच होतो. मे महिन्यात घामाघूम व्हाल, पण हेड गॅसकेट (हेडच्या खालचं सील) वाचेल. नळ्या दोन्ही ठेवल्या. ‘इथे थंडी कुठली, कूलंट कशाला’ या प्रश्नालाही माझं उत्तर ठरलेलं: गोठण्याशी मला देणंघेणं नाही, मला गंजरोधक हवंय. गुलाबी कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, आधी साध्या डिस्टिल्ड वॉटरने तीनदा धुऊन. हिरवं कूलंट त्यात मिसळलं नाही, तपकिरी गाळ पुरेसा पाहिला.

भरताना गाडी चढणीवर तोंड वर करून लावली, झाकण उघडं, हीटर गरमवर, आणि नळ्या हाताने दाबत बुडबुडे काढले. ५.५ लिटर गेलं. टेस्टर लावला, १५ पीएसआय. तासाने १५.

रविवारी पहाटे हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा आणि वर आंबा घाट. या गाडीचा तापमानाचा काटा ९० वर चिकटून बसतो, खरं तापमान ८० असो की १००, म्हणून ओबीडी रीडर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र) लावून मोबाइलवर बघत होतो. साखरप्यापर्यंत ८८ ते ९२. घाटात दोन ट्रकांमागे दुसऱ्या गिअरमध्ये, एसी चालू, ९९ पर्यंत गेलं, पंखा लागला, ९४ वर आलं. वर आंबा गावात चहाला थांबलो आणि किल्ली काढल्यावर बॉनेटखालून बारीक घूं-घूं ऐकू आली. टर्बोची उरलेली धग काढायला इंजिन बंद झाल्यावर फिरणारा छोटा विजेचा पंप. मी गाडी घेतल्यापासून तो कधी ऐकलाच नव्हता, मला वाटत होतं जळलाय. मिनिटभर तिथेच उभा राहून ऐकत होतो. चहावाल्याने विचारलं, गाडीत काही राहिलंय का.

घरी आल्यावर थंड गाडीत कूलंट खुणेच्या बोटभर खाली होतं, बहुतेक अडकलेली हवा निघाली. पाव लिटर टाकलं. सरळ तुकड्यावर नाइलाजाने स्क्रूची क्लिप लावली होती, ती अर्धा फेरा आवळली. ऑइल कूलरचं सील मात्र पाझरतंय, नव्या नळीवर तेलाचा एक काळा थेंब आत्ताच दिसला. तूर्त तिथे प्लास्टिकची पिशवी गुंडाळली आहे. सील मागवलंय. आत्तापर्यंतचा खर्च साडेनऊ हजार आणि दोन वडापाव.