लिनक्स, सिक्युअर बूट आणि दहा सेकंदांचा निळा पडदा : माझा अनुभव

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि माझ्या लॅपटॉपचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नव्हता, म्हणून मी उबुंटूवर आधारित एक लिनक्स वितरण (लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीची तयार आवृत्ती) बसवले. पेन ड्राइव्ह तयार करणे, डिस्कची विभागणी आणि स्थापना या गोष्टी इतक्या सहज झाल्या की त्यांच्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. अडले ते वाय-फायपाशी.

माझ्या वाय-फाय कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा कार्यक्रम, कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) अंतर्भूत नव्हता. तोवर फोन यूएसबी केबलने जोडून त्याचे इंटरनेट वापरता येते, आणि तसेच वापरून मी ड्रायव्हर उतरवून घेतला. बसवताना त्याने किमान आठ अक्षरांचा एक पासवर्ड ठरवायला सांगितला आणि संगणक पुन्हा सुरू करण्याची सूचना दिली. त्याप्रमाणे केले, तरी वाय-फाय नाहीच. टर्मिनलमधून (आज्ञा लिहिण्याच्या खिडकीतून) ड्रायव्हर हाताने चालू करू गेल्यावर ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ एवढेच उत्तर आले. कोणती चावी, कोणी नाकारली आणि आता काय करायचे, याचा त्या ओळीत मागमूस नव्हता, आणि त्याचा राग अजूनही माझ्या मनातून गेलेला नाही.

कारण समजून घेतल्यावर मात्र ही रचना मला पटली. सिक्युअर बूट म्हणजे संगणक सुरू होताना फक्त विश्वासू स्वाक्षरीचेच कार्यक्रम चालू देणारी तपासणी. ती चालू असताना फर्मवेअर (यंत्रातच बसवलेला मूळ कार्यक्रम) ‘शिम’ नावाच्या छोट्या कार्यक्रमाची स्वाक्षरी तपासते, शिम पुढे ग्रबची (लिनक्स सुरू करून देणाऱ्या कार्यक्रमाची) आणि कर्नलची तपासते, आणि कर्नल स्वाक्षरी नसलेला कोणताही ड्रायव्हर आत घेत नाही. माझा ड्रायव्हर डीकेएमएस पद्धतीचा होता; असा ड्रायव्हर आपल्याच यंत्रावर बांधला जातो, त्यामुळे त्यावर बाहेरच्या कोणाची स्वाक्षरी असूच शकत नाही. त्यासाठी यंत्रमालकाची स्वतंत्र चावी, म्हणजेच मोक (मशीन ओनर की), तयार होते आणि तिची नोंदणी प्रणाली सुरू होण्यापूर्वी, कळफलकासमोर बसलेल्या माणसानेच करावी लागते. अन्यथा एखाद्या घातक कार्यक्रमानेही आपली चावी गुपचूप नोंदवली असती.

ही नोंदणी ज्या निळ्या पडद्यावर होते, तो पडदा संगणक पुन्हा सुरू होताना केवळ दहा सेकंद थांबतो. तेवढ्यात एकही कळ दाबली गेली नाही, तर नोंदणीची विनंती रद्द होते, प्रणाली नेहमीसारखी सुरू होते आणि काही राहून गेल्याचे कोणीही सांगत नाही. पासवर्ड मागणाऱ्या खिडकीत या पडद्याविषयी एक ठळक वाक्य असते, तर माझ्या कित्येक संध्याकाळी वाचल्या असत्या. पडद्यावर पहिला पर्याय ‘कंटिन्यू बूट’ हा असतो आणि तो निवडला तरीही विनंती जाते. आपल्याला हवा असतो तो ‘एनरोल मोक’. पुढे होकार द्यायचा, मघाचा पासवर्ड लिहायचा आणि पुन्हा सुरू करायचे. तेथे कळफलक बहुधा अमेरिकी मांडणीचा असतो, म्हणून पासवर्ड साध्या इंग्रजी अक्षरांचाच ठेवावा. सर्वांत उपयोगी गोष्ट मला उशिरा कळली: या चाव्या हाताळणाऱ्या ‘मोकयूटिल’ आज्ञेत टाइमआउटचे (थांबण्याच्या वेळेचे) मूल्य उणे एक दिले, की तो पडदा आपण कळ दाबेपर्यंत थांबून राहतो. नोंदणी पूर्ण झाली आणि वाय-फायची यादी समोर आली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

अनेक जण सिक्युअर बूट सरळ बंद करायला सांगतात. मी ते केले नाही आणि कोणाला सुचवणारही नाही, कारण एका ड्रायव्हरसाठी संपूर्ण तपासणी सोडून देणे मला योग्य वाटत नाही. शिवाय त्याच यंत्रावर बिटलॉकरने (विंडोजच्या डिस्क कूटबद्ध करणाऱ्या सोयीने) कुलूपबंद केलेले विंडोज असेल, तर हा बदल केल्यावर ते रिकव्हरी की मागू शकते. ती कोठेही जपून ठेवलेली नसेल, तर सगळी माहिती अडकून पडू शकते.

त्यानंतरची जुळवाजुळव आनंदाची होती. आयबस या भाषा-टंकलेखनाच्या साधनात मराठी इनस्क्रिप्ट ही कळफलक-मांडणी जोडली. तीत ‘ऱ’ थेट टंकता येत असल्याने ‘दुसऱ्या’सारखे शब्द अडखळत नाहीत. कॅप्स लॉकला कंट्रोलचे काम दिले आणि वारंवार लागणाऱ्या लांब आज्ञांना बॅशआरसी या टर्मिनलच्या मांडणीच्या फाइलमध्ये छोटी नावे दिली. अशा फाइलींची एक प्रत बाहेर ठेवावी, म्हणजे नव्या यंत्रावर आपली मांडणी लवकर उभी राहते. मोठे बदल करण्यापूर्वी टाइमशिफ्ट या साधनाने प्रणालीच्या त्या क्षणीच्या स्थितीची प्रत घेऊन ठेवणेही तितकेच आवश्यक आहे.

एक गोष्ट खरे तर आरंभीच सांगायला हवी होती: स्थापना करण्यापूर्वी पेन ड्राइव्हवरूनच लिनक्स चालवून वाय-फाय, आवाज आणि लॅपटॉपचे ‘स्लीप’मधून जागे होणे तपासावे. वाय-फाय तेथेच दिसले, तर वरचा खटाटोप बहुधा करावा लागणार नाही. करावा लागलाच, तर तो सहसा एकदाच असतो. कर्नल बदलल्यावर डीकेएमएस ड्रायव्हर नव्याने बांधून त्याच चावीने स्वाक्षरी करते. फर्मवेअर मूळ स्थितीला नेले, तर मात्र नोंदलेली चावी पुसली जाऊ शकते आणि निळ्या पडद्यावर पुन्हा जावे लागते.