दाहशूरचा वाकडा पिरॅमिड

इजिप्तमध्ये गिझा पाहिलं, पण मन अडकलं ते दाहशूरला. बांधकामात आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला स्नेफेरू राजाचा हा पिरॅमिड फार जवळचा वाटतो. खाली उतार सुमारे 54 अंशांचा, आणि निम्म्याच्या जरा आधी तो एकदम 43 वर येतो. काम चालू असतानाच आत तडे गेले होते. वरच्या दालनात देवदाराच्या तुळया आहेत. साडेचार हजार वर्षांपूर्वीचं लाकूड! मी कितीतरी वेळ त्याच्याकडेच पाहत होतो. काम अर्धवट न सोडता उतार कमी करून शिखरापर्यंत नेलं, त्या कारागिरांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. बाहेरचा चुनखडीचा गुळगुळीत थरही इथे बराच शाबूत आहे. जवळचाच लाल पिरॅमिड स्नेफेरूने पायापासूनच 43 अंशांच्या आसपास चढवला. गिझाचा मोठा पिरॅमिड बांधणारा राजा खुफू हा त्याचाच मुलगा.