आमची वाटचाल : गॅस सगळ्यात शेवटी

इंदूरच्या सराफ्यात रात्री दागिन्यांची दुकानं मिटली की त्यांच्याच ओट्यांवर कढया चढतात. आमच्या फ्रिज-फ्रीझर दुरुस्तीच्या धंद्याचं खरं बोहणीचं गिऱ्हाईक तिथलंच, एक कचोरीवाले शेठ. तोवर मी जेल रोडवर दुसऱ्याच्या हाताखाली घरगुती फ्रिज दुरुस्त करायचो. स्वतःचं म्हणाल तर गॅसचं प्रेशर मोजायचा एक गेज सेट, जुना व्हॅक्यूम पंप आणि मेहुण्याची लूना.

शेठ म्हणाले, "गैस डाल दो भिया." गॅस म्हणजे फ्रीझरच्या पाइपांत फिरून थंडावा देणारा. त्या उन्हाळ्यात तो दोनदा भरून झाला होता! सकाळी डीप फ्रीझर उणे 18 दाखवायचा, रात्री अकराला उणे 2. मी मटारची पिशवी उचलली. दाणे सुटे खुळखुळायला हवेत, तर विटेसारखा एकच गठ्ठा. म्हणजे माल रोज थोडा सुटून पुन्हा गोठत होता.

सांधे साबणाच्या पाण्यानं तपासले, गळती कुठेच नाही. खालची जाळी काढली, तर कंडेन्सरवर, म्हणजे आतली उष्णता बाहेर टाकणाऱ्या कॉइलवर, तेलाची वाफ आणि मैदा मिळून बोटभर जाडीची गोधडी. शेजारी भट्टी. उष्णता जायला जागाच नाही, त्यात जास्तीचा गॅस. संध्याकाळी भट्टी पेटली की प्रेशर चढायचं, गॅस दाबणारा कॉम्प्रेसर तापून ओव्हरलोडवर, म्हणजे संरक्षणाच्या स्विचवर, बंद पडायचा, निवला की पुन्हा चालू. सकाळी भट्टी थंड, म्हणून सगळं ठीकठाक. कॉइल धुतली. होता तो गॅस सिलिंडरमध्ये काढला, पंपानं पाइपांत व्हॅक्यूम केला आणि फ्रीझरच्या प्लेटवर लिहिलेल्या वजनाइतकाच नवा भरला. हा गॅस आर-404ए, म्हणजे वेगवेगळ्या वायूंचं मिश्रण आहे. ते काट्यावर तोलून, द्रवरूपातच भरायचं. भट्टी चार फूट सरकवायला लावली. बिलापेक्षा शेठ त्यावरच जास्त कुरकुरले.

मीही शहाणा होतो असं नाही. एका कँटीनमध्ये घाईत गळती न शोधता गॅस भरला. पंधरा दिवसांत फ्रीझरमधला गॅस संपला, पैसे परत. नंतर कळलं, थरथरणारी पाइप फ्रेमला घासून झिजली होती.

आता हाताखाली तीन पोरं आहेत. फोन बायको घेते. ती आधी विचारते, "गरम रबडी तशीच आत ठेवली होती का? दारात नोट अडकवून ओढा बरं. सहज निघाली? मग दाराचं रबर गेलं." आतल्या मागच्या पत्र्यावर बर्फाचा थर आणि पंख्याचा वारा मंद म्हटलं, तर पोरं डीफ्रॉस्टचा, म्हणजे बर्फ वितळवायचा, हीटर आणि टायमर तपासायच्या तयारीनंच निघतात. तिच्या या चौकशीपायी व्हिजिट चार्ज बुडतो, अशी त्यांची कायमची तक्रार. मला ती मान्य नाही.

होळी झाली की शेठकडे कॉइल धुवायला मी स्वतः जातो. भट्टी दर वर्षी दोन फूट परत आलेली असते.