बारवांच्या साइटचा वेग: पाच सेकंदांचा छडा

आमच्या बारवांच्या साइटवरच्या फोटोंच्या वर्गवारीचं काम तूर्त बाजूला आहे, कारण मधल्या काळात साइटच उघडेनाशी झाली. बंद पडली नव्हती. पान यायचं, पण आधी पांढऱ्या पडद्याकडे बघत बसावं लागायचं. आमच्या गटातल्या काहींना वाटलं आपलंच नेट गंडलंय. तसं नव्हतं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: महाराष्ट्रातल्या बारवा आणि पायविहिरींची नोंद ठेवणारी ही आमची हौशी साइट. वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर चालते, स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेक साइटी) आहे. साताऱ्याजवळच्या लिंबची बारा मोटेची विहीर किंवा परभणी जिल्ह्यातली वालूरची गोल फिरत उतरणारी बारव यांची नावं लोकांना माहीत असतात. आमची बहुतेक पानं मात्र शेताच्या बांधाला, काटेरी झुडपांत हरवलेल्या बारवांची आहेत. प्रत्येक बारवेला एक पान: फोटो, मोजमापं, नकाशा, प्रकार.

पहिली मापं

वेग मोजायचा म्हटलं की बहुतेक जण पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या साधनात पत्ता टाकतात, लाल आकडा बघतात आणि खालच्या सूचना एकेक करून पाळायला लागतात. वाईट सवय. त्या सूचना मुख्यतः ब्राउझरमध्ये काय होतं त्याबद्दल असतात, आणि सर्व्हरच झोपलेला असेल तर फोटो कितीही बारीक करा, काही फरक पडत नाही. म्हणून आधी एवढंच ठरवायचं होतं: वेळ सर्व्हरवर जातोय की ब्राउझरमध्ये?

हे कळायला क्रोममधला नेटवर्कचा टॅब पुरतो. सगळ्यात वरच्या ओळीवर, म्हणजे खुद्द पानाच्या विनंतीवर, टिचकी मारायची आणि सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहण्यात किती वेळ गेला ते बघायचं. गूगलच्या निकषानुसार पहिला बाइट, म्हणजे उत्तराचा पहिला तुकडा, ०.८ सेकंदाच्या आत यावा, १.८ च्या पुढे गेला की कामगिरी वाईट धरतात. आमच्याकडे तो सहा सेकंदांच्या आसपास होता. मोजताना लॉगआउट होऊन इनकॉग्निटो खिडकी वापरा. लॉगइन असलेल्याला वर्डप्रेस कॅशमधलं, म्हणजे आधीच बनवून साठवलेलं, पान सहसा देत नाही, त्यामुळे अॅडमिनला दिसणारा वेग आणि पाहुण्याला दिसणारा वेग यांचा मेळ बसत नाही.

इथेच गटात सूचना आली: कॅशिंगचं प्लगइन (वर्डप्रेसला लावायचं जोडसॉफ्टवेअर) टाका, विषय संपला. प्लगइन होतंच. आणखी एक टाकून भागत नाही, कारण तयार पान देण्यासाठी वर्डप्रेसमध्ये जी ड्रॉप-इन फाइल असते ती एकच असते आणि दोन प्लगइनं तिच्यावरून भांडतात. पण खरा मुद्दा वेगळा आहे. कॅशचा फायदा तेच पान अनेकांनी मागितलं तर होतो. आमच्याकडे गर्दी नाही. पाहुणे तुरळक, आणि प्रत्येक जण गूगलवरून वेगळ्याच गावच्या बारवेच्या पानावर उतरतो. तोवर त्या पानाची साठवलेली प्रत मुदत संपून गेलेली असते. बातम्यांच्या साइटला कॅश तारून नेते. आपल्यासारख्या शेकडो पानांच्या आणि मोजक्या वाचकांच्या साइटचा खरा वेग म्हणजे कॅशविना लागणारा वेळ. तोच सुधारायला हवा.

तोच तोच आकडा

वेगवेगळी पानं, वेगवेगळ्या वेळा, सकाळ-दुपार-रात्र असं मोजत गेल्यावर एक गोष्ट खटकली. आकडा हलतच नव्हता. पन्नास फोटोंचं पान असो की दोन ओळींचं, पहिल्या बाइटला लागणारा वेळ जवळपास सारखा. सर्व्हरवर ताण असता तर तो रात्री कमी झाला असता. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेले प्रश्न, जड असत्या तर पानागणिक बदलला असता. इतका स्थिर उशीर कामामुळे होत नाही, वाट पाहण्यामुळे होतो. कुणीतरी कुणाची तरी ठरावीक वेळ वाट बघतंय.

आणि वर्डप्रेसमध्ये अशी एक ठरावीक वेळ आहे: बाहेरच्या सर्व्हरला केलेल्या विनंतीची मुदत, वेगळी काही सांगितली नसेल तर ५ सेकंद. सहातले पाच वजा केले की उरतो जेमतेम एक, म्हणजे आमच्या होस्टिंगच्या ऐपतीइतकाच वेळ.

मग क्वेरी मॉनिटर हे प्लगइन लावलं. फुकट आहे, आणि माझ्या मते वर्डप्रेस चालवणाऱ्या प्रत्येकाकडे असावं. पान तयार होताना डेटाबेसला काय काय विचारलं, कोणत्या प्लगइनने विचारलं, बाहेर कुठे विनंती गेली, सगळं वरच्या पट्टीत दिसतं. बाहेरच्या विनंत्यांच्या यादीत एक लाल ओळ होती, टाइमआउट. करणारा कोण? साइडबारमधलं «आजचं हवामान» दाखवणारं छोटं प्लगइन. बारव बघायला जाणाऱ्यांना पावसाचा अंदाज मिळावा म्हणून कधीकाळी लावलेलं.

झालं होतं असं. ते प्लगइन बाहेरच्या एका सेवेकडून हवामान आणायचं आणि तासाभरासाठी डेटाबेसमध्ये साठवून ठेवायचं. ती सेवा चालू होती तोवर तासातून एकदाच बाहेर जावं लागे, कुणाला जाणवतही नसे. मग सेवा बंद पडली. प्लगइनमध्ये यश साठवायची सोय होती, अपयश साठवायची नव्हती. हाती काहीच न लागल्यामुळे पुढच्या पाहुण्याच्या वेळी पुन्हा विनंती, पुन्हा पाच सेकंद. «आम्ही तर काहीच बदललं नाही» असं सगळे म्हणत होते आणि ते खरंच होतं. बदल बाहेर झाला होता.

प्लगइन काढलं. पहिला बाइट एका सेकंदाच्या जरा पुढे आला. कुणाला असं काही स्वतः लिहायचं असेल तर उत्तर मिळालं नाही ही नोंदसुद्धा दहा-पंधरा मिनिटांसाठी साठवा, आणि मुदत पाचऐवजी एक-दोन सेकंद ठेवा. सगळ्यात उत्तम म्हणजे पान बनताना बाहेर जाऊच नका. ते काम क्रॉनकडे, म्हणजे ठरावीक वेळाने आपोआप कामं करणाऱ्या सोयीकडे, द्या.

ऑटोलोडचा माळा

उरलेला सेकंद कुठे जातो हे बघताना ऑप्शन्सच्या टेबलाकडे, म्हणजे डेटाबेसमधल्या सेटिंग्जच्या तक्त्याकडे, लक्ष गेलं. या टेबलातल्या ज्या ओळींवर ऑटोलोडची खूण असते त्या वर्डप्रेस प्रत्येक पानाला सगळ्या एकदम वाचून घेतं, त्या पानाला लागोत न लागोत. आलेल्याला पाण्याचा तांब्या द्यायच्या आधी माळ्यावरच्या सगळ्या ट्रंका खाली उतरवून ठेवाव्यात, तसा प्रकार. जुलै २०२४ मध्ये आलेल्या ६.६ आवृत्तीपासून साइट हेल्थच्या पानावर याची तपासणी होते आणि हा ऐवज ८०० केबीच्या पुढे गेला की इशारा मिळतो. आमचा ऐवज त्याच्या कितीतरी पुढे होता, आणि त्यातला मोठा भाग अशा प्लगइनांचा होता जी कधीच काढून टाकली आहेत. प्लगइन जातं, त्याचं सामान राहतं. त्याच ६.६ पासून १५० केबीहून मोठी नवी नोंद आपोआप ऑटोलोडमध्ये जात नाही, पण जुन्या खुणा तशाच राहतात. त्या हातानेच काढाव्या लागतात.

इथे घाई नको. ओळी थेट पुसण्याऐवजी बॅकअप घेऊन आधी फक्त ऑटोलोडची खूण काढावी. एखादं जिवंत प्लगइन ती नोंद वापरत असेल तर ते वेगळी क्वेरी करून ती वाचेल, काही मोडणार नाही. काही आठवडे शांततेत गेले की मग पुसावं.

नंदा, भद्रा, जया, विजया

बारवेला किती बाजूंनी उतरता येतं त्यावरून हे चार प्रकार ठरतात: एका बाजूने उतरता येणारी नंदा, दोन बाजूंनी भद्रा, तीन बाजूंनी जया, चारही बाजूंनी विजया. आमच्याकडे प्रकार, तालुका, बारमाही पाणी आहे की नाही, हे सगळं कस्टम फील्डमध्ये, म्हणजे पानाला जोडलेल्या जादा रकान्यांत, भरलेलं होतं. शोधाच्या पानाला सगळ्यात जास्त वेळ लागत होता तो यामुळेच. कस्टम फील्ड ज्या पोस्टमेटा टेबलात जातात तिथे फील्डच्या नावावर इंडेक्स (झटपट शोधायची सूची) आहे, त्यात भरलेल्या मूल्यावर नाही. «प्रकार भद्रा, तालुका जिंतूर, पाणी आहे» असं विचारलं की ते टेबल तीनदा जोडून मूल्यं एकेक करून ताडून पाहावी लागतात. बारवा काही शेकडाच असल्या तरी पेज बिल्डरचा (पानाची मांडणी करणाऱ्या प्लगइनचा) जुना कचरा आणि फोटोंची माहिती धरून टेबल लाखांत गेलं होतं.

उपाय सरळ आहे, फक्त कंटाळवाणा. ज्याच्यावरून शोधायचं ते टॅक्सॉनॉमीत (वर्डप्रेसच्या वर्गवारीत), जे फक्त दाखवायचं ते कस्टम फील्डमध्ये. प्रकार, तालुका आणि पाणी हलवले. खोली, पायऱ्यांची संख्या, शिलालेखाचं वाचन जिथे होतं तिथेच राहिलं. हलवण्यासाठी डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसच्या कमांड लाइन साधनावर छोटी स्क्रिप्ट चालवली. मुखपृष्ठावरची «कुठलीही एक बारव» दाखवणारी चौकटही बदलली. ती डेटाबेसला यादृच्छिक क्रम लावायला सांगत होती, म्हणजे एका बारवेसाठी सगळी यादी पिसायची. आता आयडींची यादी साठवलेली असते आणि त्यातला एक पीएचपी, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती, उचलते.

आता ब्राउझरकडे

सर्व्हर मार्गी लागल्यावरच फोटोंना हात लावला. वर्डप्रेस ५.३ पासून २५६० पिक्सेलहून मोठा फोटो आपोआप लहान करून घेतं, ५.५ पासून खालचे फोटो गरज पडेल तसे आणतं आणि ६.३ पासून पानातल्या मुख्य फोटोला ब्राउझरने आधी आणावं अशी खूण करतं. म्हणजे बरंच काम फुकटात होतं. आमच्या थीमने त्यावर पाणी ओतलं होतं: वरचा मोठा फोटो इमेजच्या टॅगमध्ये न ठेवता सीएसएसची (पानाची सजावट सांगणाऱ्या फाइलची) पार्श्वभूमी म्हणून लावला होता. मग सीएसएस येईपर्यंत ब्राउझरला त्याचा पत्ताच लागत नाही, आणि मोबाइललाही डेस्कटॉपचाच मोठा फोटो जातो. तो साध्या इमेजच्या टॅगमध्ये आणला. बाकीच्या फोटोंना काही केलं नाही.

नकाशा लीफलेट या नकाशे दाखवणाऱ्या लायब्ररीवर आहे. आता बटण दाबल्यावरच येतो. त्यावर जास्त लिहिण्यासारखं नाही.

फॉन्टवर मात्र आहे, कारण इंग्रजी साइटवाल्यांचे सल्ले इथे अपुरे पडतात. देवनागरी फॉन्टमध्ये अर्धी अक्षरं आणि जोडाक्षरं असल्यामुळे फाइल रोमनपेक्षा बरीच जड असते. आम्ही मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता वापरतो. त्याची सात वजनं आहेत आणि थीम सातही मागवत होती. दोन ठेवली, साधं आणि ठळक. फाइली आपल्याच सर्व्हरवर आणल्या. «गूगलचा फॉन्ट दुसऱ्या साइटमुळे आधीच कॅशमध्ये असतो» हा युक्तिवाद ऑक्टोबर २०२० मधल्या क्रोम ८६ पासून संपला. तेव्हापासून प्रत्येक साइटची कॅश वेगळी.

न लागणारी अक्षरं काढून फॉन्टची फाइल आणखी छाटायची असेल तर सांभाळून. एका ऑनलाइन साधनाने अक्षरं ठेवली पण जोडाक्षरांचे नियम उडवले. चाचणीच्या पानावर «पायऱ्या» मधल्या ऱ चा पाय मोडलेला दिसायला लागला. बारवांच्या साइटवर हाच शब्द पानोपानी! फॉन्टटूल्समधलं छाटणीचं साधन नियमांचा माग काढून लागणारी सगळी रूपं ठेवतं, ते वापरा. आणि ठेवायच्या वर्णांच्या यादीत देवनागरीच्या पट्ट्याखेरीज झिरो विड्थ जॉइनर आणि नॉन-जॉइनर हे दोन अदृश्य वर्ण घाला, रुपयाचं चिन्हही. जुन्या कीबोर्डवर टंकलेल्या लेखांत र, हलन्त आणि जॉइनर मिळून हा ऱ्या लिहिलेला असतो, नव्या लेखांत नुक्त्याच्या ऱ चा. चाचणीच्या पानावर दोन्ही ठेवा.

कधी जलद, कधी नाही

एवढं झाल्यावर नवीनच तक्रार: एरवी झकास, मध्येच अडखळते. हा उशीर आधीच्या अगदी उलट, कधी अर्धा सेकंद तर कधी चार. इतका बदलता उशीर म्हणजे रांग. शेअर्ड होस्टिंगवर एका वेळी मोजक्याच पीएचपी प्रक्रिया चालतात. त्या अडकल्या की पुढचा पाहुणा थांबतो.

अॅक्सेस लॉग उघडल्यावर रांगेत कोण आहे ते दिसलं. बॉट, म्हणजे आपोआप पानं उघडत फिरणारे प्रोग्रॅम. शोधाच्या पानावर तालुका, प्रकार आणि पाण्याच्या लिंका होत्या. त्यांच्या सगळ्या जोड्या धरल्या तर हजारो पत्ते होतात आणि बॉट इमानेइतबारे प्रत्येक पत्ता उघडत होते. बॉटना कुठे जाऊ नये ते सांगणाऱ्या रोबोट्सच्या फाइलमध्ये ते पत्ते बंद केले, पण ती फाइल सभ्य बॉटच पाळतात. म्हणून लिंका काढून साधा फॉर्म ठेवला. क्रॉनही पाहुण्यांच्या भेटींवर अवलंबून होतं ते बंद करून होस्टिंगच्या पॅनेलमधून दर पंधरा मिनिटांनी लावलं.

सध्या पहिला बाइट पाऊण सेकंदाच्या आसपास असतो, कॅशविना. यातला बराचसा भाग आता अंतराचा आहे. सर्व्हर अमेरिकेत. मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत एक फेरी म्हणजे सुमारे २०० मिलिसेकंद, आणि नव्या जोडणीला टीसीपीची (संपर्क जुळवण्याची) एक, टीएलएस १.३ ची (सुरक्षित जोडणीची) एक आणि खुद्द पानाची एक अशा तीन फेऱ्या लागतात. सीडीएन (जगभर पसरलेल्या सर्व्हरांचं जाळं) पुढे ठेवला तर पहिल्या दोन फेऱ्या जवळच्या जवळ उरकतील, पण पान स्वतः तिकडूनच येणार, कारण क्लाउडफ्लेअरसारख्या सेवा मुद्दाम सांगितल्याशिवाय एचटीएमएल साठवत नाहीत. आणि सांगितलं तरी आपली पानं तुरळक मागितली जाणारी. त्यामुळे माझा कौल मुंबईतल्या डेटा सेंटरला आहे. गटातल्या न्यू जर्सीच्या मंडळींना थोडं थांबावं लागेल, पण फोटो त्यांना सीडीएनवरून मिळतील. हलवण्याआधी पोस्टमेटामधला बिल्डरचा कचरा काढायचा आहे. तो कुणी सुखरूप काढला असेल तर कोणत्या क्रमाने, ते कळवा.